डझनभर ओगराळी

वजनकाकांचा काट्यावर विश्वास नव्हता असे नाही, पण काटा हा आपल्या हाताखालचा कारकून आहे, असेच ते त्याच्याशी वागत. वस्तू आधी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे, आकडा उच्चारायचा आणि मगच ती काट्यावर ठेवायची. काट्याने तोच आकडा दाखवला तर मान डोलवायची. वेगळा दाखवला तर काटा पुसून घ्यायचा आणि त्याला आणखी एक संधी द्यायची.

भांडी आणि अवजारे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या गोदामात ते एकतीस वर्षे वजनावर होते. माल आला की उतरवून घ्यायचा, जोखायचा, वहीत लिहायचा. हाताला अशी सवय जडली होती, की बसमध्ये कुणाची पिशवी बाजूला सरकवायची वेळ आली तरी तोंडातून 'साडेचार' निघून जाई. त्यांचा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाळ हातात दिले आणि वजन तीन किलो चारशे असल्याचे सांगितले. काकांनी बाळ दोन्ही तळहातांवर घेतले, डोळे मिटले आणि तुमचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, असे नम्रपणे कळवले. नर्सबाईंनी आठवडाभर अबोला धरला. आठव्या दिवशी काटा दुरुस्त करणारा माणूस आला. बाकीच्या बापांच्या डोळ्यांत पाणी येतं, ह्यांच्या तोंडात आकडा आला, हे काकू आजही आल्यागेल्याला ऐकवतात.

पुढे मालकांचे वय झाले, त्यांनी दुकान बंद केले आणि काका घरी बसले. घरी बसले म्हणजे घर जोखत बसले. दुधाची पिशवी, साबणाची वडी, उशा, काकूंची पर्स. एके दिवशी काकू बाहेर निघाल्या तर काकांनी त्यांच्या चपला हातात घेऊन सांगितले, की डावी उजवीपेक्षा बारा ग्रॅमने झिजली आहे, तेव्हा तुझे चालणे एका अंगाला पडते. काकूंनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी सून कामावरून आली, तेव्हा तिला पाणीसुद्धा पिऊ न देता त्या म्हणाल्या, "ह्यांना उद्यापासून तुझ्याबरोबर ने. कुठेही बसव. संध्याकाळी परत आणलंस तरी माझी हरकत नाही."

मुलगा बोटीवर यंत्रांच्या कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून अशी तीनच माणसे. सासू-सुनेचे गूळपीठ जमलेले. सासऱ्यांशी मात्र सुनेचे बोलणे बेताचे, म्हणजे "बाबा, जेवता ना?" आणि "हो बाळा" एवढेच. भांडण नव्हते. दोघेही आकड्यांची माणसे होती, आणि आकड्याची गरज पडल्याशिवाय तोंड उघडायची दोघांनाही सवय नव्हती.

ती गरज आता पडली. सून संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कचेरीत होती. तिथे सध्या 'वेढा' नावाचा खेळ तयार होत होता. एका गढीला शत्रूने वेढा घातला आहे, गढीतले सैनिक भलतीकडेच लढायला गेले आहेत, आणि आत उरले आहेत आचारी, न्हावी, माळी, धोबी, सुतार. त्यांनी हाताशी असेल ते घेऊन गढी राखायची, असा तो खेळ. सुनेने काकांना जेवताना समजावले, की ह्याला सिम्युलेशन म्हणतात. म्हणजे खऱ्यासारखे वागणारे खोटे. ह्यात कुठल्या हत्याराने किती इजा होते, हे कुणी मनाने ठरवायचे नसते. ते हत्याराच्या गुणांवरून आपोआप निघाले पाहिजे. वजन किती, लांबी किती, धार आहे का, टोक आहे का, तोल कुठे आहे, मिनिटाला किती फटके बसतात आणि किती फटक्यांनंतर ते मोडते. शिवाय समोरच्याने काय घातले आहे, तेही बघायचे. पत्र्याच्या चिलखतावर सुरी घसरते, हातोडा मात्र पत्र्यासकट आतल्या माणसाला चेपतो. जाड गोधडी गुंडाळलेल्याला हातोडा लागत नाही, पण दाभण आरपार जाते. न्हाव्याचा वस्तरा उघड्या हातावर यमदूत आणि चिलखतापुढे कागद.

काकांचा घास हातात राहिला. एवढी अक्कल खेळायला लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, "मग ही वजनं तुम्ही आणता कुठून?"

सून म्हणाली, "तेच तर दुखणं आहे, बाबा."

दुखणे असे होते, की कचेरीत दोन पक्ष होते. सूत्र लिहिणारी सून म्हणे, प्रत्येक वस्तू खरोखर जोखली आणि खरोखर फिरवली पाहिजे. तिच्याच विभागातला एक गृहस्थ होता. कचेरीतल्या गार वाऱ्यामुळे तो बारा महिने कोट घालून बसे, म्हणून सगळे त्याला कोटवाले म्हणत. त्याचे म्हणणे, खेळणाऱ्यांच्या घरी काय काटे आहेत? खुर्चीत बसून अंदाजाने आकडे भरावेत आणि पाच वाजता घरी जावे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कचेरीच्या मालकीणबाईंनी सुनेच्या बाजूने कौल दिला आणि जोखायला माणूस शोधा म्हणाल्या. माणूस तर घरातच चपला जोखत बसला होता.

काकांना मागच्या बाजूची एक खोली मिळाली. तिचे नाव पडले जोखखोली. तिथे एक छोटा काटा, एक मोठा काटा, मोजायची फीत, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि तुळईला टांगलेले भुशाचे एक भले मोठे पोते होते. पोत्याला पत्र्याचे चिलखत आणि शिरस्त्राण घातलेले. शत्रूचा सेनापती तो हाच. काकांनी वस्तू घ्यायची, हातावर जोखायची, काट्यावर जोखायची, बोटावर आडवी धरून तोल बघायचा आणि मग घड्याळ लावून मिनिटभर सेनापतीला बडवायचे. लाकडे फोडायची कुऱ्हाड मिनिटाला अठरा. घण चौदा, आणि नंतर पाच मिनिटे विश्रांती. बागेतली कात्री चाळीस. धोब्याची कोळशाची इस्त्री अकरा, पण एकेका ठोक्याला सेनापती गिरकी घेई. सगळे एका रेघा आखलेल्या वहीत लिहायचे. संध्याकाळी सून ती वही बघून आकडे संगणकात भरी.

रोज सकाळी देवापुढे हात जोडून घरून निघालेला माणूस दिवसभर फावड्याने पोते बडवतो, ह्यात काकांना काही विसंगत वाटत नव्हते. उलट वाढत्या वयात हातांना काम दिलेस, म्हणून ते देवाचे आभार मानत. काकूंनाही बरे वाटले. काका दमून येत आणि आल्यावर कशालाच हात लावत नसत.

बसमधून जातायेता सासरा-सुनेचे बोलणेही सुरू झाले. बसायला जागा मिळाली की सून विचारी, बाबा, दोन्ही हातांनी धरलं तर फटके कमी का होत नाहीत? काका सांगत, वजन वाटून जातं बाळा, तोल हँडलपाशी असला तर. आसपासची माणसे जरा सरकून बसत. तोल, फटका, डोकं, चिलखत, किती फटक्यांत मेला, असले शब्द एका वयस्कर गृहस्थाच्या आणि एका सोज्वळ सुनेच्या तोंडून ऐकून एकदा तर समोरच्या बाई आधीच्याच थांब्यावर उतरून गेल्या.

तीन महिन्यांत दोनशे वस्तू झाल्या. मग मंगळवारी चाचणी ठेवली. बाहेरची तीस माणसे बोलावली आणि त्यांना खेळायला बसवले. काका आणि सून भिंतीला टेकून उभे राहिले. कोटवाले चाकाच्या खुर्चीत.

सुरुवातीला सगळ्यांनी शस्त्रागारातल्या तलवारी घेतल्या, जसे कुणीही घेईल. पाऊण तास रीतसर मारामारी झाली. मग कोपऱ्यातल्या एका आजीबाईंची तलवार तुटली, भाला तुटला, सगळे सरले. त्या आचारी झालेल्या होत्या. स्वयंपाकघरात पळाल्या आणि भिंतीवर अडकवलेले ओगराळे उचलले. पातळ पदार्थ वाढायचे असते ना, खोल वाटीचे, लांब दांड्याचे, तेच. मागून सेनापती आला, घोड्यावर, नखशिखांत चिलखतात. आजीबाईंनी डोळे मिटून ओगराळे फिरवले.

सेनापती उडाला. नुसता पडला नाही, उडाला. गढीच्या तटावरून पलीकडे गेला आणि त्याच्या मागोमाग घोडाही गेला. आजीबाईंनी ओगराळ्याकडे पाहिले. शेजारच्याने आजीबाईंकडे पाहिले. अर्ध्या तासात तीसच्या तीस माणसे आचारी होऊन बसली. तलवारींना कुणी हात लावेना. दोन आचाऱ्यांनी चुकून एकमेकांना एकदमच ओगराळे मारले आणि ते दोघे अशा जागी गेले, की खेळ बंद होईपर्यंत सापडले नाहीत. माणसे पोट धरून हसत होती. कोटवालेही हसत होते, पण त्यांचे हसणे वेगळे होते.

मालकीणबाई हसल्या नाहीत. हा खेळ खऱ्यासारखा आहे असे आपण लोकांना सांगणार, आणि ओगराळ्याने घोडा उडतो, हे त्यांना पटेना. त्यांनी शांतपणे निकाल सांगितला. सोमवारपर्यंत चूक सापडली तर ठीक. नाही सापडली तर सूत्र काढून टाकायचे, आकडे अंदाजाने भरायचे, विभाग कोटवाल्यांच्या हाताखाली जाईल आणि जोखखोलीत जास्तीच्या खुर्च्या ठेवता येतील.

सून कामाला लागली. सूत्र तीन पानी होते. तिने ते एकदा तपासले, दोनदा तपासले, उलट बाजूने तपासले. गुरुवारी कोटवाले तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, की वहीतच काही गोंधळ नसेल ना? काका तेव्हा पोत्याला नवा भुसा घेऊन दारातून चालले होते. त्यांनी सुनेचे उत्तर ऐकले.

ती म्हणाली, "वही बाबांची आहे. ती सोडून बोला."

काकांची छाती एवढी फुगली, की हातातला भुसा त्यांना अर्धा किलोने हलका वाटला. दिवसभर ते तेच आठवत होते. घरी जाऊन त्यांनी काकूंना शब्दन् शब्द सांगितला आणि काकूंनी तो खिडकीतून शेजारणीला सांगितला.

रविवारी सून सुट्टी असूनही कचेरीत गेली. दुपारी काका-काकू दोघेच जेवायला बसले. काकूंना पातेल्यावर झाकण नीट बसवायचे होते, म्हणून त्यांनी, हे धरा हो जरा, म्हणत ओगराळे काकांच्या हातात दिले. काकांनी ते तळहातावर घेतले. सवयीने डोळे मिटले.

"सव्वादोनशे," ते म्हणाले.

आणि मग त्यांचे डोळे उघडलेच नाहीत. काकूंना वाटले, चक्कर आली. त्यांनी पाणी आणले. काका नुसते पुटपुटत होते, सव्वादोनशे, सव्वादोनशे, आणि कपाळावर घाम.

झाले होते असे. गोदामात ओगराळी कधी सुटी येत नसत. सुतळीने बांधलेली डझनाची जुडी येई. मोठ्या काट्यावर एक नग ठेवला तर काटा हलतही नसे, म्हणून ओगराळी, झारे, चमचे हे सगळे डझनावरच जोखायचे, अशी तिथली रीत. एकतीस वर्षे काकांनी जुडी काट्यावर टाकली आणि वहीत लिहिले, ओगराळे, दोन किलो सातशे. जोखखोलीत एकशे त्रेचाळिसावी वस्तू म्हणून ओगराळे आले, तेव्हा त्यांनी त्याची लांबी मोजली, तोल बघितला, मिनिटाला सत्तर फटके मारले. सगळे केले. फक्त वजन केले नाही. ओगराळ्याचे काय वजन करायचे? झोपेत विचारले तरी सांगता आले असते. उजव्या हातात पेन होते, ओगराळे काखेत होते, आणि आकडा हातातून न येता तोंडातून आला. त्यामुळे खेळातल्या ओगराळ्याला डझनाचे वजन होते आणि एकाचा वेग. जवळजवळ घणाचा भार आणि माशी मारायची चपळाई. घोडा उडेल नाही तर काय होईल?

तरीही माणसाचे मन वेडे असते. काकांना वाटले, आपली आठवणच चुकली असेल. डझनाचे वजन दोन सातशे नसेलच, दुसरेच काही असेल, मग बाकी सगळेही वेगळे असेल आणि चूक आणखी कुणाची तरी निघेल. त्यांनी जेवण तसेच टाकले आणि जिना चढायला लागले. त्या इमारतीत घरोघरी एकाच जातीचे ओगराळे होते, कारण प्रत्येकाला ते काकांनीच दुकानातून आणून दिलेले. तपासणी आहे, एवढेच सांगून त्यांनी अकरा घरांतून अकरा ओगराळी गोळा केली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काळजीने विचारले, की ह्याच्यात काही दोष निघालाय का, आम्ही सोळा वर्षं ह्यानेच वाढतोय. काका म्हणाले, दोष ओगराळ्यात नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर बारा ओगराळ्यांची जुडी ठेवली. दोन किलो सहाशे चौऱ्याऐंशी. सोळा ग्रॅम सोळा वर्षांत झिजले होते. काकूंनी पटकन हिशेब केला, की म्हणजे इमारत वर्षाला एक ग्रॅम पोलाद खाते. काकांना हसू आले नाही. त्यांची आठवण अगदी बरोबर होती, आणि तेच तर वाईट झाले होते.

संध्याकाळी सून आली. डोळे सुजलेले. तिने चप्पल काढली आणि म्हणाली, "बाबा, मी हरले. सूत्रात चूक आहे, पण मला ती दिसत नाहीये. उद्या तसं सांगून टाकते." काकांनी तोंड उघडले. मग त्यांनी टेबलावरचे मिठाचे भांडे उचलले आणि एकशे दहा, असे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तोंड उघडले आणि चष्म्याचे घर जोखले. काकू स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारत होत्या. तिसऱ्यांदा काकांनी सुनेची पर्स जोखली, तेव्हा ती उठून झोपायला गेली.

त्यांना भीती नोकरीची नव्हती. वही बाबांची आहे, ती सोडून बोला, हे वाक्य परत जाईल ह्याची भीती होती.

सकाळी ते देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. फार काही मागितले नाही. हात दिलास, आता तोंड दे, एवढेच म्हणाले. ओगराळ्यांची जुडी सुतळीने आवळून बांधली, पिशवीत घातली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. सुनेला वाटले, डबा आहे.

जोखखोलीतच सगळे जमले. मालकीणबाई उभ्या होत्या, कोटवाले आपली चाकाची खुर्ची घेऊनच आले होते आणि सेनापतीच्या मागे निवांत बसले होते. सून बोलायला लागली. ती म्हणाली, "चूक सूत्रात आहे, आणि ते सूत्र माझं..."

"थांब बाळा," काका म्हणाले. "चूक वहीत आहे."

सुनेने मान वळवून त्यांच्याकडे असे पाहिले, की आपले वजन निम्मे झाल्यासारखे काकांना वाटले. पण तोंड उघडले ते उघडले. त्यांनी सगळे सांगितले. डझनाची रीत, एकशे त्रेचाळिसावी वस्तू, काखेतले ओगराळे. तुझ्या सूत्राला मी बारा ओगराळी दिली आणि एक म्हणून सांगितलं, ते बिचारं काय करणार, असे म्हणून त्यांनी पिशवीतून जुडी काढून टेबलावर ठेवली.

कोटवाल्यांनी संधी सोडली नाही. ते म्हणाले, "म्हणजे जोखणाराच चुकतो. मग अंदाज काय वाईट?"

मालकीणबाईंनी सुनेकडे पाहिले. सून जुडीकडे बघत होती. पाच दिवसांनंतर पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हलले. तिने विचारले, बाबा, ही जुडी मिनिटाला किती वेळा फिरवता येईल? काका म्हणाले, नऊ, फार तर दहा, आणि नंतर खांदा दुसऱ्याचा लागेल. तिने लगेच संगणकाकडे तोंड केले. आधी एका ओगराळ्याचे खरे वजन घातले. मग जुडीचे वजन, जुडीचा वेग, पोत्याचे वजन. म्हणाली, एक ओगराळं मारलं तर सेनापती हलणारसुद्धा नाही. जुडी मारली तर पोतं मागे झुलेल आणि मागे जे काही असेल त्याला ढकलेल. मागे काय आहे?

मागे कोटवाले होते. हसत होते. म्हणाले, मला ढकला, मी काही घोडा नाही. त्यांचे वजन विचारले, तेव्हा ते बहात्तर म्हणाले. काकांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिले आणि हळूच अठ्ठ्याहत्तर असे सुचवले. सून म्हणाली, "काट्यावर." कोटवाले मोठ्या काट्यावर उभे राहिले. एकोणऐंशी निघाले. काका म्हणाले, कोट मी धरला नव्हता.

कोटवाले परत खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीचे वजनही घालून सुनेने आकडा काढला आणि कागदावर लिहून मालकीणबाईंच्या हातात दिला. मग काकांनी पहिल्यांदा एक ओगराळे घेतले आणि सेनापतीच्या शिरस्त्राणावर मारले. टिंग. सेनापती ढिम्म. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, जुडी दोन्ही हातांनी उचलली, मनात देवाचे नाव घेतले आणि फिरवली.

असा आवाज त्या कचेरीत पूर्वी झाला नव्हता. सेनापती मागे झुलला आणि कोटवाल्यांच्या छातीवर गादीसारखा येऊन आदळला. कोटवाले खुर्चीसकट मागच्या उघड्या दारातून बाहेर गेले. बाहेर लांबलचक, गुळगुळीत फरशीचा बोळ. खुर्ची तोंड इकडे करून, पाठ तिकडे करून शांतपणे लांब लांब जात राहिली. कोटवाल्यांचा चेहरा लहान लहान होत गेला. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरत असलेल्या बाई बाजूला झाल्या आणि त्यांनी, वर चाललात का, असे विचारले. लिफ्टच्या अलीकडे खुर्ची थांबली.

सून फीत घेऊन धावली. एक टोक काकांनी धरले, एक तिने. बावीस फूट. मालकीणबाईंनी कागद उघडला. त्यावर तेवीस होते. काकांनी दाराकडे जाऊन पाहिले आणि पायपुसणे उचलून दाखवले. एक फूट त्याने खाल्ला होता.

मालकीणबाई तेव्हा हसल्या, आणि हसायला लागल्या ते भिंतीला धरूनच. सूत्राला चुकीचा आकडा दिला तर ते चुकीचे उत्तरसुद्धा बरोबर देते, असे त्यांनी जाहीर केले. विभाग सुनेचा झाला, जोखखोली राहिली. कोटवाल्यांना लागले नव्हते, फक्त कोटाचे एक बटण सापडत नव्हते. त्यांनी जाताना अगदी खाजगीत सुनेला विचारले, की ती खुर्ची खेळात घालता येईल का.

खेळातले ओगराळे सव्वादोनशे ग्रॅमचे झाले. आता आचाऱ्याने ते सेनापतीला मारले तर टिंग असा आवाज होतो, आणि सेनापती सावकाश मान वळवून बघतो. पुढच्या चाचणीला त्या आजीबाई पुन्हा आल्या होत्या. त्यांना हे जास्तच आवडले. त्या सेनापतीने मान वळवून बघावे म्हणूनच त्याला मारत बसल्या. डझनाची जुडीही हत्यार म्हणून ठेवली आहे. मिनिटाला नऊ फटके, आणि चौथ्या फटक्यानंतर आचारी खांदा चोळत बसतो.

त्या सोमवारी बसमध्ये परत येताना दोघे शेजारी बसले. पिशवी काकांच्या मांडीवर. बरेच थांबे गेल्यावर काका म्हणाले, की यापुढे माझं जोखून झालं की तूही एकदा जोखत जा. मी लिहिलंय म्हणून सोडू नकोस. सून खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "पाच दिवस मी सगळं जग तपासलं, बाबा. तुम्हाला तपासायचं मनातच आलं नाही." काकांना ह्यात रागाचा भाग किती आणि मायेचा किती, ते जोखता येईना. थोड्या वेळाने तिने पिशवी त्यांच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, उद्यापासून जोखीन.

घरी पोचले तर दारात अकरा शेजारणी उभ्या. संध्याकाळचा स्वयंपाक खोळंबला होता आणि प्रत्येकीला आपले ओगराळे हवे होते. सुतळी सोडली. बारा ओगराळी, सगळी सारखी. काकांच्या चेहऱ्यावर मात्र दोन दिवसांनी रंग आला. त्यांनी एकेक ओगराळे हातात घेतले, डोळे मिटले आणि वाटायला सुरुवात केली. हे डाव्या कडेला झिजलंय, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं, त्या डावखुऱ्या. ह्याच्या टोकाला खरवडलंय, तुमच्याकडे तळाला लागतं ना वारंवार? त्या बाई म्हणाल्या, कधीच नाही, आणि ओगराळे पदराआड घेऊन गेल्या. हे तर नव्यासारखंच आहे, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं, बाहेरूनच मागवता वाटतं. तिथेही चेहरा पडला. इमारतीची अशी अब्रू निघत असताना काकू तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

शेवटी दोनच उरली. एक घरचे, एक तिसऱ्या मजल्यावरचे. काकांनी एक उचलून डोळे मिटले, आणि घ्या, तुमचं, असे म्हणून पुढे केले.

सुनेने स्वयंपाकघरातला काटा उचलून त्यांच्यापुढे सरकवला.

काका थांबले. ओगराळे काट्यावर ठेवले. मग दुसरे ठेवले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सोळा वर्षे रोज वीस माणसांच्या खाणावळीचे जेवण वाढत होत्या, तेव्हा हलके ते त्यांचे. काकांनी पुढे केलेले भारी होते. दोन ग्रॅमने.

काकांनी फडके घेतले. सगळ्यांना वाटले, आता काटा पुसणार. त्यांनी ओगराळे पुसले, मुकाट्याने बदलले आणि बाईंच्या हातात दिले. बाई ते घेऊन निघाल्या. जिन्याच्या वळणावर त्या काकूंना हळूच म्हणाल्या, "असू द्या हो, मला ते जडच चाललं असतं."